व्होब्रेलचा भूगोल आणि पांढरे ठिपके

फॉर्ममध्ये तीन रकाने होते. भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की सगळे रकाने भरल्याशिवाय फॉर्म सबमिट होणार नाही. मंगळवारची सकाळ होती, शुक्रवारी बोर्डाची मीटिंग होती आणि माझ्या टेबलावर पांढरे ठिपके पडलेल्या स्प्रिंगांच्या चार पिशव्या होत्या. मी डेक्लनला म्हटलं, मी इंजिनिअर आहे, सातवीतल्या मुलांचे प्रोजेक्ट करायला मला इथे ठेवलेलं नाही.

डेक्लन आमचा क्वालिटी मॅनेजर, म्हणजे माझा बॉस. माणूस वाईट नाही. पण जगबुडी आली तरी त्याचं उत्तर एकच असतं. "गुगल कर, वॉश. इट विल बी ग्रँड." आयरिश लोकांत ग्रँड म्हणजे ठीक. वैशालीचं वॉश त्याने माझ्या पहिल्याच आठवड्यात केलं. त्याला आता सात वर्षं झाली.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डब्लिनच्या बाहेर आमचा मेडिकल डिव्हाइसचा प्लांट आहे. तिथे आम्ही औषधाचं पेन बनवतो. पेशंटने ते मांडीवर टेकवायचं, बटण दाबायचं, आतली स्प्रिंग सुटते आणि सुई आपोआप आत जाते. ज्यांची बोटं सांधेदुखीने आखडली आहेत त्यांना साधी सिरिंज धरता येत नाही. त्यांच्यासाठी हे पेन असतं. ते बनवायला लागणारे भाग बाहेरून येतात. ते नीट येतात की नाही हे बघणारी बाई म्हणजे सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, म्हणजे मी. भाग चांगले आले तर माझं नाव कुणाला आठवत नाही. वाईट आले तर सगळ्या ईमेलमध्ये पहिलं नाव माझं.

ती स्प्रिंग येते मध्य फ्रान्समधल्या डोंगरातल्या एका खेड्यातून. गावाचं नाव मी इथे व्होब्रेल असं लिहिते. वस्ती चारशेच्या आसपास. गावात स्प्रिंगांचा एक कारखाना, त्यात बावीस माणसं. आम्हीच त्यांचं मोठं गिऱ्हाईक. बाकीचं किरकोळ.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांच्या काही लॉटमध्ये, म्हणजे एका वेळी आलेल्या मालात, पांढरे ठिपके दिसायला लागले. साध्या डोळ्यांना नाही, मायक्रोस्कोपखाली. ठिपका पडलेली स्प्रिंग नळीत घासते, जोर कमी पडतो आणि सुई अर्ध्यावर थांबते. आमच्या टेस्टमध्ये ते पकडलं जायचं, त्यामुळे पेशंटपर्यंत एकही गेली नाही. पण लाइन थांबायची. वैताग असा की प्रत्येक लॉट खराब नव्हता. तीन चांगले, एक वाईट. मग चार चांगले, एक वाईट. सतत बिघडणारी गोष्ट दुरुस्त करता येते. अधूनमधून बिघडणारी गोष्ट माणसाला वेड लावते.

लॅबने सांगितलं, ठिपक्यांत कॅल्शियम आहे. कॅल्शियम म्हणजे पाणी, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मीही पहिल्याच दिवशी तेच विचारलं. कारखान्यात स्प्रिंग बनल्यावर ती धुतात आणि शेवटची धुलाई डीआय पाण्याने होते. डीआय म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. नळाचं पाणी एका रेझिनच्या बाटलीतून सोडतात, रेझिन क्षार धरून ठेवतं, पलीकडे शुद्ध पाणी येतं. किती शुद्ध, ते मीटरवर दिसतं. आकडा एकच्या आत हवा. त्यांनी सहा महिन्यांचं रजिस्टर स्कॅन करून पाठवलं. प्रत्येक आकडा एकच्या आत. शिवाय आमचा चेंज फॉर्म भरून पाठवला. मशीन बदललं? नाही. कच्चा माल बदलला? नाही. प्रक्रिया बदलली? नाही. जागा बदलली? नाही. खाली मॅनेजरची वळणदार सही.

मग मी आमच्याकडे शोधायला लागले. पिशव्या तपासल्या, ट्रक तपासले, आमचं गोदाम तपासलं. गोदामातला पॅडी माझ्यावर इतका चिडला की दोन आठवडे मला गुड मॉर्निंग म्हणाला नाही.

त्या मॅनेजरचं नाव जेरार. साठीच्या पुढचा, पांढऱ्या भरघोस मिशा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. इंग्रजी येतं, पण अपमान झाल्यासारखा बोलतो. अवघड काही असलं की शेजारी सिल्वी बसायची आणि भाषांतर करायची. सिल्वी म्हणजे त्यांची क्वालिटी, प्लॅनिंग, डिस्पॅच आणि वेळ पडली तर झाडूही. त्यांना गाठणं म्हणजे दिव्य. बारा ते दोन जेवण, तेव्हा फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आला तरी फोन उचलणार नाहीत. आणि मंगळवारी, गुरुवारी दुपारी जेरार कारखान्यात नसायचाच.

"कुठे असतात?" मी एकदा विचारलं.

"गावात," सिल्वी म्हणाली.

चारशे वस्तीच्या गावात माणूस आठवड्यातून दोन दुपारी करतो काय, असं माझ्या मनात आलं. पत्ते खेळतो, वाइन पितो, दुसरं काय करणार? इथे माझी लाइन थांबलीये आणि हा बाबा गावात. माझं डोकं असं तापलं होतं की मी पुढे विचारलंच नाही. त्या न विचारण्याची शिक्षा मला पुढे मिळाली.

तर त्या मंगळवारी डेक्लनने दार लावून घेऊन सांगितलं की पर्चेसवाल्या ओर्लाने दुसरा सप्लायर शोधून ठेवलाय. शुक्रवारपर्यंत मूळ कारण सापडलं नाही तर व्होब्रेलचं नाव यादीतून कटणार. आणि सप्लायर काढायचा असो की ठेवायचा असो, हेड ऑफिसच्या नव्या नियमाप्रमाणे त्या जागेचा हा फॉर्म जोडावाच लागतो. भूगोल, इतिहास, अर्थव्यवस्था.

"फाशी द्यायच्या माणसाची कुंडली मांडायची?" मी म्हटलं. हे इंग्रजीत नीट सांगता येईना. डेक्लन तरीही हसला.

त्यांचं जेवण संपल्यावर मी सिल्वीला फोन लावला. दुपार होती, जेरार अर्थातच नव्हता. शुक्रवारचं तिला सांगावं की नाही, यावर मी पाच मिनिटं घालवली होती, पण सांगितलं. तिने रडारड केली नाही. म्हणाली, तुम्ही गेलात तर उन्हाळ्यापर्यंत कारखाना बंद होईल. दिवे मालवून कुलूप मीच लावीन, कारण किल्ली माझ्याकडेच असते. तिची दोन्ही मुलं गावच्या शाळेत आहेत. शाळेत दोनच वर्ग, आणि कारखान्यातली चार-पाच घरं गाव सोडून गेली तर एक वर्ग जातो. हे तिने मला दया यावी म्हणून सांगितलं नाही. मीच विचारलं होतं, फॉर्ममधल्या अर्थव्यवस्थेच्या रकान्यासाठी. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली.

आणि खरं सांगायचं तर हा सप्लायर तीन वर्षांपूर्वी मीच पास केला होता. तेव्हा कोविडमुळे प्रवास बंद होता, म्हणून ऑडिट टीम्सवर केलं. सिल्वी लॅपटॉप हातात धरून कारखाना दाखवत फिरली आणि मी इथे बसून टिकमार्क केले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

घरी गेले तर तिथे वेगळाच गोंधळ. आम्ही डब्लिनजवळ नावनला राहतो. त्या महिन्यात माझे वडील इचलकरंजीहून आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी उभं आयुष्य एका प्रोसेस हाउसच्या लॅबमध्ये काढलं, कापडाच्या रंगाला लागणारं पाणी तपासण्यात. त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्याला ते पाण्यालाच जबाबदार धरतात. केस गळले, पाणी. भात फडफडीत झाला, पाणी. मागच्या वेळी माझ्या नवऱ्याचं घड्याळ बंद पडलं तेव्हाही त्यांनी पाण्याचा विषय काढला होता. त्या दिवशी ते किचनमध्ये किटली उघडून बसले होते.

"ही किटली बघितलीस काय गं? आत नुसता चुना साठलाय. ह्यातला चहा पिताय व्हय तुम्ही?"

मी म्हटलं, अण्णा, इथे खाली सगळा चुनखडीचा दगड आहे, पाणी जडच असतं, सगळ्यांच्या किटल्या अशाच असतात. वर त्यांना ऑफिसचं सांगायची दुर्बुद्धी मला झाली. ते म्हणाले, "पाणी कसं साफ करतात ते नगं इचारू. येतंय कुठनं ते इचार त्यास्नी. आडात असंल तेच पोहऱ्यात येणार."

मी वैतागून म्हटलं, अण्णा, डीआय आहे तिथे, रजिस्टर आहे, सहा महिन्यांचे आकडे आहेत. तुमच्या वेळची गोष्ट वेगळी होती. ते किटलीत लिंबू पिळायला लागले. मुलगी टेबलावरून तिच्या आयरिश हेलात म्हणाली, "इट्स ओन्ली अ किटल, मॅम." इथे आईला मॅम म्हणतात. मला सगळ्यांचाच राग आला होता.

बुधवार सगळा मीटिंगमध्ये गेला. गुरुवारी जेवणानंतर मी दात-ओठ खात तो फॉर्म उघडला. व्होब्रेल ग्रामपंचायतीची म्हणा, नगरपालिकेची म्हणा, एक वेबसाइट होती. फ्रान्समध्ये कितीही लहान गाव असो, त्याला स्वतःचा मेयर असतो, कार्यालय असतं. ब्राउझर भाषांतर करून देत होता आणि मी कॉपी-पेस्ट करत होते.

भूगोल. गावाच्या मधून नदी जाते. डाव्या काठाला ग्रॅनाइट, उजव्या काठाला चुनखडी. कारखाना आणि जुनं गाव डाव्या काठावर. इतिहास. ग्रॅनाइटमधून येणाऱ्या झऱ्याचं पाणी मऊ, म्हणून मठातल्या साधूंनी तिथे लोकर धुवायला सुरुवात केली. त्याच पाण्यासाठी पुढे टाचण्यांचा कारखाना आला. टाचण्यांच्या तारेतून छत्रीच्या स्प्रिंगा झाल्या, छत्रीतून लिहायच्या पेनाच्या, आणि आता आमच्या. अर्थव्यवस्था. गाई, चीज, एक बेकरी आणि स्प्रिंगांचा कारखाना.

मला वाचताना चक्क बरं वाटायला लागलं होतं. म्हणजे कारखाना तिथे का आहे, तर पाण्यासाठी. अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी गावजेवण घातलं असतं.

मग मी "गावातल्या बातम्या" उघडलं. अर्थव्यवस्थेच्या रकान्याला किमान शब्दमर्यादा होती आणि माझे शब्द कमी पडत होते, एवढंच कारण. बेकरीवाला सुट्टीवर. शाळेची सहल. आणि त्याखाली एक मोठा फोटो. मागच्या शरद ऋतूतला. बातमी अशी होती की गावचा जुना झरा उन्हाळ्यात आटतो, म्हणून गाव आता नदीपलीकडच्या पाणीपुरवठ्याला जोडलं गेलं आहे. नदीपलीकडच्या, म्हणजे चुनखडीच्या. नव्या पाइपलाइनची फीत कापताना मेयर.

मेयरच्या छातीवर निळा-पांढरा-लाल पट्टा होता. हातात कात्री होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता. मिशा भरघोस होत्या.

मी फोटो मोठा केला. मग लहान केला. मग खुर्ची मागे ढकलून उठले आणि डेक्लनच्या केबिनकडे निघाले. अर्ध्या वाटेतून परत आले, कारण आधी कुणाला तरी झापायचं होतं आणि तो डेक्लन नव्हता.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा ज्याच्या काखेत होता तोच मला सहा महिने वळसा घालायला लावत होता. नळाला येणारं पाणी बदललेलं. बदलणारा हा. आणि "काहीही बदललं नाही" म्हणून सही करणाराही हाच.

गुरुवारची दुपार होती. तो कारखान्यात नसणार, हे मला आता पाठ होतं. वेबसाइटवर कार्यालयाची वेळ दिली होती, मंगळवार आणि गुरुवार दुपारी. मी कार्यालयाला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला.

"मिस्टर जेरार, तुम्ही मेयर आहात?"

"मंगळवारी आणि गुरुवारी," तो म्हणाला. "आज गुरुवार."

"तुम्ही गावचं पाणी बदललंत."

"हो. फार चांगलं काम झालं. उन्हाळ्यात लोकांचे हाल होत होते."

"आणि मला लिहून दिलंत की काहीही बदललं नाही."

"कारखान्यात आम्ही काही बदललं नाही, मॅडम. एक स्क्रूसुद्धा नाही. पाणी गावाने बदललं."

"गाव म्हणजे कोण?"

  पलीकडे कुणीतरी खुर्चीत बसल्याचा आवाज आला. त्याने फ्रेंचमध्ये हळूच काहीतरी म्हटलं. मला फ्रेंच येत नाही, पण ते काय होतं ते कुठल्याही भाषेत कळलं असतं.

मला त्याला फाडून खायचं होतं, पण खरं सांगते, तो खोटं बोलत नव्हता. पाइपलाइनच्या फाइलवर तो गावचा विचार करून सही करत होता, आणि माझ्या फॉर्मवर कारखान्याचा. दोन टेबलं, दोन पेनं. मधे दोनशे मीटरचा रस्ता. त्या रस्त्याने तो रोज जात होता, पण विचार काही त्याच्याबरोबर आला नाही. शिवाय त्याचं म्हणणं होतं की पाणी जड आलं तरी डीआय आहेच ना, आकडे तर बरोबर आहेत.

तो मुद्दा खराच होता. आकडे बरोबर कसे? मी सिल्वीला फोन केला. रजिस्टरात नुसता महिना आणि आकडा होता, म्हणून विचारलं, मीटर नक्की कधी वाचता?

"महिन्याच्या पहिल्या सोमवारी," ती म्हणाली. "बाटली बदलली की लगेच."

मी डोकं धरून बसले. रेझिनची बाटली कोरी करकरीत बसवायची, लगेच मीटर बघायचा, आकडा लिहायचा. पुढे महिनाभर मीटरकडे कुणी बघायचं नाही. जुन्या मऊ पाण्यात बाटली आरामात महिनाभर चालायची, वर उरायची. म्हणून तो नियम पडला होता, जेरारच्या आधीच्या मॅनेजरपासून. जड पाण्यात बाटली आधीच संपत होती. आणि हे रजिस्टर मी स्वतः टीम्सवर पाहिलं होतं. माझ्या ऑडिट रिपोर्टमध्ये त्यावर शेरा आहे, "नीटनेटकी नोंद, चांगली पद्धत." खाली माझी सही. जेरारची वळणदार, माझी घाईची, एवढाच फरक.

महिन्याचा शेवटचा आठवडा चालू होता. मी सिल्वीला म्हटलं, आत्ता जा आणि मीटर वाच. ती फोन घेऊनच गेली. मला तिच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता, मग मशीनचा.

"सिल्वी?"

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "एक नाही. अठ्ठेचाळीस."

तिने हाताने लिहिलेली धुण्याची वही काढली. आम्ही एकेक वाईट लॉट घेतला आणि तो कोणत्या दिवशी धुतला ते बघितलं. मी इतके दिवस माल निघाल्याची आणि इथे पोचल्याची तारीख बघत होते. धुतल्याची तारीख फक्त त्या वहीत होती. एकूण एक वाईट लॉट बाटली बदलण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात धुतलेला. एकही अपवाद नाही. सिल्वी मधेच म्हणाली, गेले काही महिने आमचं कॉफीचं मशीनही सारखं बंद पडतंय, मी दर आठवड्याला त्यात व्हिनेगर ओतते. मी म्हटलं, बाई, हे तू मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमच्या फॉर्मवर कॉफी मशीन नव्हतं.

शुक्रवारी बोर्डापुढे मी सगळं मांडलं. ओर्लाने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, म्हणजे हा माणूस आपल्यापासून लपवत होता. मी म्हटलं, लपवत नव्हता, त्याच्या लक्षात आलं नाही. ती म्हणाली, फरक काय? माल तर खराबच आला ना. ती चूक बोलत नव्हती. मला तिचा राग आला, पण ती चूक बोलत नव्हती.

मी म्हटलं, ठीक आहे, मग मला एक सांगा. मागच्या उन्हाळ्यात आपल्या भागात बॉइल वॉटर नोटीस होती, पाणी उकळून प्या म्हणून. ती आपल्या प्लांटला कुणी कळवली?

 डेक्लन खाकरून म्हणाला, "रेडिओने. मी गाडीत होतो."

आणि तो नवा सप्लायर, मी ओर्लाला विचारलं, त्याच्या गावचं पाणी कुठून येतं? तिने फाइल चाळली. तो रकाना अजून भरलेला नव्हता. मी माझा ऑडिट रिपोर्टही टेबलावर ठेवला, माझ्या शेऱ्यासकट. नोकरीत असं करू नये म्हणतात. पण जेरारला काढायचं तर त्याच कारणाने मलाही काढावं लागेल, हे कुणीतरी बोलायला हवं होतं.

बोर्डाने तीन अटींवर व्होब्रेल ठेवलं. मीटर रोज वाचायचा, आणि तोही पाळीच्या शेवटी. बाटली कॅलेंडर बघून नाही, आकडा बघून बदलायची. तिसरी अट ओर्लाची. पाणी पुरवणाऱ्या संस्थेने कारखान्याला लेखी हमी द्यायची की पाण्यात काहीही बदल करण्याआधी कळवू. मी म्हटलं, ओर्ला, ती संस्था म्हणजे तोच आहे. ती म्हणाली, मग सही मिळायला वेळ लागणार नाही.

सोमवारी पत्र आलं. नगरपालिकेच्या लेटरहेडवर, गोल शिक्का मारलेलं. प्रति, व्यवस्थापक, स्प्रिंग कारखाना. महोदय, पाणीपुरवठ्यात कोणताही बदल करण्यापूर्वी आपणांस लेखी कळवण्याची हमी देण्यात येत आहे. आपला, मेयर. सोबत दुसरं पत्र, कारखान्याच्या लेटरहेडवर. महोदय, आपले पत्र मिळाले, आभार. आपला, व्यवस्थापक. दोन्हींवर एकच वळणदार सही. डेक्लनने ती पत्रं अख्ख्या ऑफिसभर फिरवली. "युअर मॅन स्वतःलाच पत्र लिहितो." कॅन्टीनमध्ये आठवडाभर तोच क्रॅक, म्हणजे तीच थट्टा, चालला होता. मला मात्र हसू येत नव्हतं. ही हमी कागदावर आहे आणि डोकं अजून एकच आहे, असं मला वाटत होतं. काढून टाका हा फार्स, असंही मी एकदा म्हटलं. ओर्ला म्हणाली, फाइलमध्ये राहू दे.

ठिपके थांबले. पुढे एकही लॉट खराब आला नाही. पॅडी पुन्हा गुड मॉर्निंग म्हणायला लागला. अण्णांना मी सांगितलं की पाणीच होतं. ते एवढंच म्हणाले, "मग काय तर." आणि मग इचलकरंजीला फोन करून एकूण अकरा जणांना सांगितलं.

या वर्षी तिकडे गावच्या निवडणुका झाल्या. जेरार पडला. सिल्वी सांगत होती, थोडक्या मतांनी. लोकांना नवं पाणी आवडलं नाही. किटल्या खराब झाल्या, कॉफी मशीनं बंद पडली, बायका चिडल्या. नवी मेयर म्हणून बेकरीवाल्याची बायको निवडून आली. तिला स्प्रिंगांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची गरजही नाही.

पण कार्यालयातल्या फाइलमध्ये ते पत्र होतं. शिक्क्यासकट. नव्या मेयरबाई कागदाला धरून चालणाऱ्या. त्यांनी पाइपलाइन दोन दिवस औषध घालून धुवायची ठरवली, तेव्हा फाइल उघडली, हमी वाचली आणि दहा दिवस आधी कारखान्याला कळवलं. त्या दोन दिवसांत कारखान्याने धुण्याचं काम बंद ठेवलं. जेरारने ते पत्र स्कॅन करून मला पाठवलं. सोबत त्याच्या अवघडलेल्या इंग्रजीत एक ओळ होती.

"मॅडम, नगरपालिकेकडून मला आलेलं हे पहिलं पत्र, जे मी लिहिलेलं नाही."

मी ते फाइलला लावलं. आमच्या चेंज फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढला आहे. तुमच्या गावात यंदा नवीन काय झालं? हेड ऑफिसने विचारलं, हा प्रश्न तांत्रिक आहे का? डेक्लनने माझ्या वतीने परस्पर उत्तर दिलं, "नाही. म्हणूनच ठेवलाय."